मी दुरुस्त केलेला नियम

गेल्या उन्हाळ्यात मी एका खेळाचा नियम बदलला, तो बदललेला खेळ खेळलो आणि मग खेळ वाईट आहे असं लिहिलं. खेळ माझ्या मित्राने रचलेला होता. लिहिलेलं छापून आलं, लोकांनी वाचलं, काहींनी 'झकास झालाय लेख' म्हणून कळवलंही. त्यातलं एक वाक्य मला स्वतःला इतकं आवडलं होतं की आंघोळ करताना मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं होतं.

आता पुन्हा मे आला आहे. तारनाक्याच्या चौकात ताडगोळेवाले बसलेत. इथे हैदराबादेत ताडगोळ्यांना मुंजल म्हणतात. ओल्या गोणपाटाखाली ते झाकून ठेवलेले असतात आणि गोणपाट उचललं की आतून एक गारसर, कच्चा वास येतो. भाजीबाजाराच्या तोंडाशी लोणच्याच्या कैऱ्या फोडून देणारे आलेत. लाकडी ठोकळ्यावर कैरी ठेवायची, पातं खाली दाबायचं; कोयीसकट कैरी दुभंगते त्याचा टक्‌ असा आवाज होतो. रेल्वेच्या बाजूचे गुलमोहर पेटलेत. आमच्या कूलरला वाळ्याची नवी ताटी बसवली आहे आणि दुपारी घरभर तिचा वास असतो. एरवी मला या वासाने झोप यायची. यंदा तो आला की मी कूलर बंद करतो, कारण गेल्या वर्षी याच वासात बसून मी ते वाक्य लिहिलं होतं.

माझा छंद सांगितला की लोक आधी सापशिडी म्हणतात, मग व्यापार, मग कॅरम. मग मी कपाट उघडून दाखवतो. त्यात डबे असतात, जाडजूड, पुस्तकांसारखे उभे लावलेले. प्रत्येकात एक पट, लाकडी सोंगट्या, पत्ते आणि एक नियमपुस्तिका. कोणी बेट वसवतं, कोणी आगगाड्यांचे रूळ टाकतं, कोणी सगळ्यांबरोबर मिळून रोगाची साथ आटोक्यात आणतं. चांगला डाव दीड-दोन तास चालतो आणि तेवढ्या वेळात टेबलाभोवतीची माणसं अशी काही उघडी पडतात की वर्षानुवर्षांच्या ओळखीत पडत नाहीत. या खेळांवर मी मराठीत परीक्षणं लिहितो. प्रत्येक परीक्षणाचे दोन भाग: 'मंडळी जमली तर' आणि 'एकट्यासाठी'. दुसऱ्या भागाला वाचक जास्त. नोकरीसाठी पुण्या-मुंबईहून इकडे आलेली, खोलीवर एकटी राहणारी मुलं मला लिहितात, 'सर, एकट्याने खेळता येईल असं काही सांगा ना.' बऱ्याच डब्यांत तशी सोय असते. समोरच्या माणसाची जागा पत्त्यांची एक चवड घेते. पत्ता उलटायचा, तो सांगेल ती चाल समोरच्याच्या वतीने आपणच करायची.

एकट्याने खेळण्याचं एक वेगळं सोवळं असतं. समोर कोणी नाही, पकडणारं कोणी नाही, तरी खोटी चाल करायची नाही. पत्ता आपल्याविरुद्ध निघाला तर निमूट हरायचं. त्या सोवळ्याचा मला अभिमान होता. आपण कोणी बघत नसतानाही प्रामाणिक आहोत, हे मला त्या डब्यांनी पटवून दिलं होतं.

माझ्या पोटापाण्याचा धंदाही सूचनांचाच. संगणकाच्या प्रणाली कशा वापरायच्या याच्या पुस्तिका मी लिहितो, दुसऱ्यांनी लिहिलेल्या तपासतो. कुठे शब्द राहिला, कुठे पायरी उलटी लागली, हे मला लांबूनच दिसतं. निदान मला तसं वाटायचं.

रविवारी सकाळी आमच्याकडे मंडळी जमायची. मंडळी म्हणजे मी, माझी बायको वसुधा, विलासराव सोनकांबळे आणि त्यांची मुलगी पल्लवी. विलासराव मूळचे नांदेडकडचे. वडील रेल्वेत लागले म्हणून लहानपणीच हैदराबादला आले आणि पुढे स्वतः रेल्वेच्याच हिशेब खात्यात अधिकारी झाले. त्यांचं ऑफिस तारनाक्याला, घर बरकतपुऱ्यात. एका मराठी कार्यक्रमात ओळख झाली. त्यांना बुद्धिबळाचं वेड, मी म्हटलं या एकदा, आणि मग ते येतच राहिले. त्यांच्या मराठीत नांदेड आणि हैदराबाद शेजारी-शेजारी राहतात. मला ते 'दीक्षितसाब' म्हणायचे, अर्धं आदराने आणि अर्धं चेष्टेने. मी नियमपुस्तिका उघडून कोणाची चाल चुकली ते वाचायला लागलो की म्हणायचे, "दीक्षितसाब, ऑडिट माझं खातं आहे. तुम्ही आरामशीर खेळा की." डाव जिंकले की हसायचे नाहीत, हरले की मात्र मनापासून हसायचे.

पल्लवी चित्रं काढते, तोच तिचा व्यवसाय. शाळा इंग्रजी-तेलुगू, त्यामुळे मराठी बोलते झकास, वाचते मात्र अडखळत, एकेक अक्षर जोडून. तिच्यासाठी नियम मी वाचून दाखवायचो. "काका, तुम्ही वाचता तेव्हा सगळे गेम्स भारी वाटतात," असं ती एकदा म्हणाली होती.

गेल्या वर्षी उन्हाळा लागता लागता विलासरावांनी एक पुठ्ठ्याचा डबा आणून टेबलावर ठेवला. वर पल्लवीने काढलेलं चित्र: एक गल्ली, गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर आणि घराघरांतून बाहेर येणारे हंडे, माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. खाली नाव: 'पाणी आलं'. आत भातुकलीचे पितळी हंडे होते, बेगम बाजारात भांड्यांच्या दुकानांतून हुडकून आणलेले, आणि निळ्या काचेचे मणी. मणी हंड्यात टाकला की बारीक खणखण व्हायची. विलासराव बरीच वर्षं हे मनात घोळवत होते म्हणे. पुण्यातल्या खेळवेड्यांच्या एका मंडळाने तो छापायची तयारीही दाखवली होती. त्यांनी विलासरावांना विचारलं होतं, दीक्षितांनी यावर काही लिहिलंय का.

"म्हणून म्हणलं तुम्हाला द्यावं," विलासराव म्हणाले. "दोस्ती बाजूला ठेवा. खेळून बघा आणि खरं ते लिहा. आणि एकटं खेळाल तर आधी थोडा त्रास होईल. तो होऊ द्या."

मी हो म्हटलं. माझं लक्ष डब्याच्या कोपऱ्यांकडे होतं. पुठ्ठा नीट चिकटला नव्हता.

त्याच आठवड्यात वसुधाला पुण्याला जावं लागलं. तिच्या वडिलांना पडून लागलं होतं. रविवार थांबले. मी, कूलर आणि कपाटातले डबे. सुट्टीतल्या खेळांवरचा लेख द्यायची वेळ जवळ आली होती आणि त्यासाठी मी एक परदेशी खेळ उघडला होता. त्यात एक विचित्र नियम होता. आदल्या डावात जिंकलेल्या माणसाने आपले पत्ते उलटे धरायचे, म्हणजे ते सगळ्यांना दिसतील आणि फक्त त्यालाच दिसणार नाहीत. मी तो नियम वाचला, पुन्हा वाचला. काहीतरी माझंच चुकतंय असं वाटून खेळ काढणाऱ्यांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर येईपर्यंत डबा बाजूला ठेवला. उत्तर आलं, नियम तसाच आहे. मग मी तसाच खेळलो आणि लेखात त्याला 'धाडसी' म्हटलं.

मग 'पाणी आलं' उघडला. चार घरं, चार हंडे. टँकर आला की मधल्या थाळीत मणी पडतात. प्रत्येक घराला गरजेचे पत्ते: स्वयंपाक, धुणं, अचानक आलेले पाहुणे. शिवाय प्रत्येकाची एक लपवलेली निकड, म्हणजे घरात लग्न आहे, बाळंतीण आहे. गरज भागली नाही तर ते घर गल्ली सोडून जातं. आणि नियम असा: 'आपल्या हंड्यात आपण पाणी ओतायचं नाही. आपल्या हंड्याला हात लावायचा नाही.' एकट्याने खेळताना बाकीच्या तीन घरांसाठी शेजाऱ्यांचे पत्ते होते. तुम्ही कोणाला किती दिलंत त्यावर ते तुम्हाला देणार किंवा नाही देणार. तोवर थांबायचं.

मी पुन्हा वाचलं नाही. बरकतपुरा माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ, फोन उशाशी. मी विचारलं नाही. मला वाटलं, इथे काहीतरी राहून गेलंय. असा नियम कोण करेल? मी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीच्या समासात नीट अक्षरात लिहिलं: 'आधी आपला, मग शेजाऱ्याचा.'

तसा तो खेळ अर्थातच मेला. आपला हंडा आधी भरायचा म्हटल्यावर राहिलं काय? टँकर यायचा, मी माझा हंडा भरायचो, उरलेलं इकडेतिकडे वाटायचो, जिंकायचो. दोन-तीन डावांत कंटाळलो. लेखात लिहिलं की नियमपुस्तिकेत एक ढोबळ चूक आहे, ती दुरुस्त करून खेळलो तरी डाव उभा राहत नाही. मंडळींसोबत कदाचित बरा वाटेल, पण शंका आहे. आणि मग ते वाक्य: 'एकट्याने हा खेळ खेळणं म्हणजे स्वतःचा हंडा भरून स्वतःच टाळी वाजवणं.'

लेख आल्यावर विलासरावांचा मेसेज आला. 'पर्वालेदु, साब. तुम्हाला वाटलं ते लिहिलं.' पर्वालेदु म्हणजे काही हरकत नाही. इथे ते सगळेच म्हणतात. मला हायसं वाटलं. पुण्याच्या मंडळाने त्यांना 'सध्या नको' असं कळवल्याचं मला बाहेरून समजलं, तेव्हाही मी मनाशी म्हटलं, परीक्षकाने भीड धरली तर परीक्षण कशाला करायचं. वसुधा परत आल्यावर रविवार पुन्हा सुरू होतील असं वाटलं होतं. पहिल्या रविवारी त्यांच्याकडे कोणी आलं होतं. मग ऑफिसचं काम निघालं. मग दसरा, मग लग्नसराई. वसुधा रविवारी चार कप काढायची, मग दोन परत ठेवायची. एकदा ती म्हणाली, "तू असं काय लिहिलंस रे त्यांच्याबद्दल?" मी म्हटलं, "त्यांच्याबद्दल नाही, खेळाबद्दल." माझ्या मते तो फरक अगदी स्पष्ट होता.

यंदा उन्हाळा सुरू होताना पल्लवी आली. दोन्ही हातांत आमचे डबे, आमच्याकडून वेळोवेळी नेलेले. परत करायला आणले होते. सगळे. दारातूनच ती म्हणाली, "काका, हे आपले. पप्पांनी दिलेत. मोजून घ्या."

"मोजायचंय कशाला," वसुधा आतून आली. "आत ये आधी. कैरीचं पन्हं केलंय. आणि इतकी घाई असेल तर एक डाव खेळून जा."

"काकू, नक्को. उशीर होतो."

"उशीर वर्षभर झालाच आहे. बस." मग माझ्याकडे वळून, "तो हंड्यांचा खेळ काढ. मी अजून बघितलासुद्धा नाही."

मला तो काढायचा नव्हता. पण काढला. पट मांडला, हंडे ठेवले आणि सवयीने नियम सांगायला लागलो. टँकर आला की आधी आपला हंडा, मग...

"काका," पल्लवी म्हणाली, "आपल्या हंड्याला हात नाही लावायचा ना."

"ते लिहिताना राहिलंय गं काहीतरी."

मग तिने पुस्तिका ओढून घेतली. समासातल्या पेन्सिलीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत वाचलं. "आ-धी... आ-प-ला. मग. शे-जा-ऱ्या-चा." वाचायला तिला वेळ लागला. तेवढ्या वेळात वसुधानेही ते वाचलं होतं.

"काही राहिलं नाही काका," ती म्हणाली. "वही तो गेम है."

मग आम्ही तिघं तसे खेळलो. मी ते कसं सांगू? पहिल्या टँकरला आम्ही सभ्यपणे एकमेकांना एकेक मणी देत होतो. दुसऱ्या टँकरला पाणी कमी आलं. वसुधाकडे पाहुण्यांचा पत्ता निघाला.

"पल्लवी, चहापुरतं तरी ओत गं. माणसं बसलीत बाहेर."

"काकू, मागच्या वेळी तुम्ही मला काय दिलं? भोपळा."

"तेव्हा तुझ्या घरी काय चाललंय हे मला काय ठाऊक?"

"विचारायचं ना मग."

माझा हात सारखा माझ्याच हंड्याकडे जात होता. मणी उचलला की तिकडेच वळायचा. पल्लवी न बघताच म्हणायची, "काका, हात." माझा हंडा रिकामा होता. मी कोणाला फारसं दिलं नव्हतं, जपून ठेवत होतो; कशासाठी ते मलाच माहीत नाही, कारण जपलेलं मला वापरता येणारच नव्हतं. माझ्याकडे स्वयंपाकाचा पत्ता होता. मागायला हवं होतं. समोर निळे मणी भरलेली थाळी, हातभर अंतरावर, आणि मला मागता येईना. हा खेळ आहे, ही माझी बायको आहे, ही मला काका म्हणणारी मुलगी आहे, हे सगळं माहीत असून तोंडातून शब्द निघेना.

"माग की," वसुधा म्हणाली. "तोंड नाही का तुला?"

मी हसत, नाटकी आवाजात म्हटलं, "थोडं पाणी द्या हो." आवाज हवा तसा नाटकी निघाला नाही. पल्लवीने एक मणी उचलला, माझ्या हंड्याच्या वर जरा धरला आणि सोडला. खण्ण.

डाव संपला तेव्हा पन्हं गरम झालं होतं, कोणी प्यायलं नव्हतं. वसुधाचं घर गल्ली सोडून गेलं होतं आणि ती खरोखर चिडली होती. एवढा चांगला डाव त्या टेबलावर कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

हंडे पुसून ठेवताना पल्लवी सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "आज्जी सांगायची ना पप्पांना. गावाकडं. घडा आपला, हात आपले, पण विहिरीला हात लावायचा नाही. कोणी येऊन वरून ओतेपर्यंत बसून राहायचं उन्हात. कधी कधी कोणी यायचंच नाही. पप्पा म्हणले, एकदा सगळ्यांनाच तसं बसवू. मग सगळे शिकतील ओतायला."

वसुधाने माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

"तुमचा लेख मला वाचता आला नाही लवकर," पल्लवी पुढे म्हणाली, "लंबा होता ना. म्हणून मी पप्पांना म्हणलं, वाचून दाखवा. मला वाटलं काकांनी लिहिलंय तर भारीच असेल. त्यांनी सगळा वाचला. ते टाळीचं पण. नीट वाचला, तुमच्यासारखा. मग चष्मा पुसला आणि म्हणले, भाषा चांगली आहे दीक्षितसाबची."

ती गेल्यावर मी कितीतरी वेळ डबे कपाटात लावत होतो. लावून झालेले काढून पुन्हा लावत होतो. मला ते घर दिसत होतं: बरकतपुऱ्यातली खोली, वरचा पंखा, चष्मा लावून बसलेले विलासराव आणि समोर मांडी घालून ऐकणारी मुलगी. स्वतःच्या खेळाची हेटाळणी माणूस मुलीला वाचून दाखवतो, एकही वाक्य न गाळता. मी त्यांच्या जागी असतो तर ते वाक्य गाळलं असतं. एकट्याने खेळताना खोटी चाल न करणारा तो मी.

नंतर मी तो खेळ एकट्यानेही खेळलो, लिहिलं होतं तसा. विलासराव म्हणाले होते तसा त्रास झाला. पत्ता उलटायचा, शेजारी देत नाही. पुन्हा उलटायचा. आपला हंडा समोर, थाळी समोर आणि आपण हात मांडीवर ठेवून बसलेले. हळूहळू कळतं की आधी न मागता द्यावं लागतं, आणि तेही कोणाच्या घरी काय चाललंय याकडे लक्ष ठेवून. मी आजवर लिहिलेल्या 'एकट्यासाठी'च्या भागांत असा खेळ दुसरा नाही. एकटं खेळताना तीन माणसं खोलीत असल्यासारखी वाटली. टाळी वाजवायचं मनातही आलं नाही.

माफी मागायची हे उघडच होतं. पण ती कशी मागायची यात मी आणखी बराच काळ घालवला. आधी एक खुलासा लिहिला: 'सदर परीक्षणात एका नियमाच्या आकलनात अनवधानाने त्रुटी राहिल्याचे निदर्शनास आले आहे.' वसुधाने वाचला. म्हणाली, "ही कोणाची नोटीस? पाणी बंद राहील वगैरे असतं तशी वाटते." मग मेसेज लिहिला, 'विलासराव, जरा गैरसमज झाला होता', आणि पुसला. कारण गैरसमज झाला नव्हता. नियम मराठीत होता, सोप्या वाक्यात होता, मला तो पहिल्या वाचनातच समजला होता. मला तो पटला नव्हता, एवढंच. आणि न पटलेलं मी चूक ठरवलं होतं. त्यांना न विचारता.

का, याचं उत्तर मी धंद्यावर ढकलून पाहिलं. दुसऱ्याच्या सूचना दुरुस्त करायची सवयच ती. मग वेळेवर ढकललं, वसुधा घरी नव्हती त्यावर ढकललं, उन्हावरसुद्धा. पण त्याच उन्हात, त्याच घाईत, त्या परदेशी डब्यासमोर माझी सवय कुठे गेली होती? तिथे पेन्सिल उचलली नाही. तिथे मी पत्र लिहिलं. हा प्रश्न आला की मी उठून खिडकीशी जायचो. आमच्या घरात जातपात कधी पाळली नाही, असं मी आजवर कितीदा तरी म्हटलेलं आहे. विलासराव आमच्या टेबलावर जेवलेत, आम्ही त्यांच्या. पण घरात न पाळलेली गोष्ट हातातल्या पेन्सिलीत राहू शकते, आणि ती तिथे आहे हे आपल्याला अजिबात कळत नाही. मी हे अजून नीट समजून घेतलेलं नाही. समजलं आहे असं लिहिलं तर तेही एक सुबक वाक्य होईल.

शेवटी एका सकाळी बरकतपुऱ्याला गेलो. न कळवता. रिक्षातून उतरेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. दार विलासरावांनीच उघडलं.

"या दीक्षितसाब. एवढ्या उन्हाचं कामून आलात? फोन केला असता तर मीच आलो असतो."

त्यांनी मला पंख्याखाली बसवलं. माठातून पाणी काढलं, तांब्या-भांडं माझ्यासमोर ठेवलं नाही, स्वतः ओतून पेला हातात दिला. मी प्यायलो. त्यांनी न विचारता पुन्हा ओतलं. वसुधाच्या वडिलांची चौकशी केली. त्यांच्या निवृत्तीला आता फार दिवस राहिले नव्हते, त्याबद्दल बोलले. खिडकीपाशी पूर्वी एक टेबल असायचं, त्यावर पट, मणी, कापलेले पुठ्ठे आणि त्यांनी स्वतःकडे ठेवलेल्या दुसऱ्या संचाचे हंडे पसरलेले असायचे. आता तिथे इस्त्रीचे कपडे होते.

"हंडे कुठे गेले?" मी विचारलं.

"दिले की. खालच्या घरात एक छोटी पोरगी आहे, तिला. भातुकलीचेच होते ते." मग जरा हसून म्हणाले, "ती बरोबर खेळते."

मी रिकामा पेला हातात फिरवत राहिलो. त्यांना ते जाणवलं असावं, कारण पेला माझ्या हातातून घेत ते म्हणाले, "पल्लवीनं सांगितलं मला, तुम्ही पुन्हा खेळलात म्हणून. जाऊ द्या हो. माणसाची मिष्टेक होते. मीच नियम नीट लिहिला नसंल. पहिलाच खेळ, मला काय येतं लिहायला."

एवढंच करायचं होतं. मान हलवली असती तर झालं असतं. पुढच्या रविवारी चार कप निघाले असते, 'मिष्टेक' हा शब्द दोघांच्या मध्ये ठेवून आम्ही खेळलो असतो आणि तो खेळ त्यांनी पुन्हा कधी काढला नसता. त्यांनी माझ्यासाठी, मी न मागता, ओतलं होतं. घ्यायचं फक्त बाकी होतं.

"नाही, विलासराव," मी म्हटलं. "नियम नीट लिहिला होता. मला समजलाही होता. तोच नियम बाहेरून आलेल्या डब्यात असता तर मी तो दहादा वाचला असता, पत्र लिहून विचारलं असतं. तुमचा होता, म्हणून मला वाटलं, चूकच असणार. मी विचारलंसुद्धा नाही. ज्या ओळीत तुमची आई होती ती मी पेन्सिलीने दुरुस्त केली आणि वर तुम्हालाच हसलो. माझं चुकलं. मला माफ करा. आणि ज्या जागी तो लेख आला होता, त्याच जागी, त्याच नावानिशी मी हे असंच्या असं लिहिणार आहे, तुम्ही मला माफ केलं नाहीत तरीसुद्धा."